‘बघ्या’समोर बेट किती लावावी? सैल हाताच्या खेळाडूंविरुद्ध पोकरमधील रकमेचे गणित

आमच्या टेबलावर त्याला ‘बघ्या’ म्हणतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मित्राच्या घरी शनिवारी रात्री आम्ही सहा-सात जण टेक्सस होल्डेम खेळायला बसतो. त्यांतले किमान तिघे असे आहेत की हातात कोणतीही दोन पाने आली तरी त्यांना फ्लॉप (मध्ये सर्वांसाठी उघडली जाणारी पहिली तीन पाने) बघायचाच असतो, फ्लॉप बघितला की टर्न (चौथे पान) बघायचा असतो, आणि शेवटी समोरच्याकडे काय होते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. “टाक की, बघूया तरी काय हाय ते,” हे वाक्य एका रात्रीत पंधरा-वीस वेळा ऐकू येते. ही सवय मुळात पोकरची नव्हे, तीन पत्तीची आहे. गणेशोत्सवाच्या जागरणात मांडवामागे बसून जो पत्ते शिकला, त्याच्या अंगात ‘शो’ मागण्याचे कुतूहल मुरलेले असते आणि आणखी एक चाल टाकली तर असे काय बिघडणार, हा त्याचा हिशेब असतो. होल्डेममध्ये मात्र बेट (पणाला लावायची रक्कम) पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सच्या, प्रमाणात फुगत जाते, त्यामुळे तेच कुतूहल शेवटच्या फेरीपर्यंत फार महाग पडते. ते किती महाग पाडायचे हे ठरवणे समोर बसलेल्याच्या हातात असते, आणि आपल्याकडचे बहुतेक चांगले खेळाडू नेमके तिथेच हात आखडता घेतात.

खेळाचे नियम वाचकाला ठाऊक आहेत असे मी धरून चालतो. आमच्या चिप्सना पैशाचे मोल नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आहेत आणि महाराष्ट्रात जुगारविरोधी कायदा १८८७ पासून आहे. आमच्याकडे ज्याच्या चिप्स आधी संपतात त्याने सर्वांसाठी चहा करायचा, एवढीच शिक्षा असते. परंतु चिप्स फुकटच्या असल्यामुळेच कॉल (समोरच्याच्या बेटइतके भरणे) सढळ हाताने होतात, आणि म्हणून पुढचे गणित अशा घरगुती टेबलावर सर्वांत चोख लागू पडते.

आधी माणूस ओळखावा

सैल खेळणारे सगळे एकाच जातीचे नसतात, आणि रक्कम ठरवण्याच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक फार मोलाचा आहे. पहिला प्रकार खऱ्या बघ्याचा: तो जवळजवळ प्रत्येक डावात उतरतो, कॉल करत राहतो, पण स्वतःहून रेझ (बेट वाढवणे) क्वचितच करतो. दुसरा प्रकार अर्ध्या बघ्याचा. तो फ्लॉपपर्यंत सर्व काही बघतो, परंतु फ्लॉपवर त्याच्या पानांना काही लागले नाही तर निमूटपणे पाने टाकतो, म्हणजे डाव सोडतो. तिसरा सैल असूनही आक्रमक असतो. त्याला कॉल करण्यापेक्षा समोरच्याला हुसकावून लावण्यात गंमत वाटते.

डाव टेबलाभोवती तीनदा फिरेपर्यंत, म्हणजे साधारण वीस हात, शांतपणे बघावे. कोण किती वेळा फ्लॉपपर्यंत गेला हे बोटांवर मोजता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेवटी पाने उघडली जातात तेव्हा, आपण त्या डावात नसलो तरी, त्याच्या हातात काय निघाले ते पाहावे आणि मागे जाऊन आठवावे की या पानांवर त्याने फ्लॉपला किती, टर्नला किती भरले होते. तिर्रीची जोडी घेऊन जो माणूस टर्नवर पाऊण पॉट भरतो, त्याच्याविषयी आणखी काही शिकायचे फारसे उरत नाही. मी एक छोटी वही खिशात ठेवतो आणि चहाच्या वेळी तिच्यात दोन ओळी लिहितो. मित्र हसतात, पण वहीत काय लिहिले आहे हे अजून कोणी विचारलेले नाही.

किंमत न विचारणारा गिऱ्हाईक

प्रत्येक बेट म्हणजे समोरच्याला सांगितलेली किंमत असते. पॉटच्या निम्मी बेट लावली तर कॉल करणाऱ्याला तोट्यात न जाण्यासाठी २५ टक्के वेळा जिंकावे लागते. दोन तृतीयांश बेटला सुमारे २९ टक्के, पूर्ण पॉटइतक्या बेटला ३३ टक्के, आणि पॉटच्या दुप्पट बेटला ४० टक्के. चांगला खेळाडू ही किंमत ऐकून आपली पाने तोलतो, आणि किंमत वाढली की कमी पानांनिशी येतो. म्हणून त्याच्याविरुद्ध रक्कम वाढवून मिळणारा फायदा त्याच्या वाढत्या सावधपणाने बराचसा फिटून जातो. बघ्या मात्र किंमत विचारतच नाही. त्याच्या डोक्यात ‘माझ्याकडे जोडी आहे की नाही’ एवढाच प्रश्न असतो. ४० ला जो कॉल करतो तोच १०० लाही करणार असेल, तर ४० लावणे म्हणजे हातातला माल अर्ध्या भावात देण्यासारखे आहे.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. रिव्हरवर, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानावर, पॉट १०० आहे, आणि समोरचा ज्या पानांवर कॉल करतो त्यांच्याविरुद्ध आपण १०० पैकी ६५ वेळा जिंकतो. तो नेहमीच कॉल करत असेल तर ४० च्या बेटवर आपल्याला सरासरी १२ चिप्स मिळतात आणि १०० च्या बेटवर ३०. इथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु समजा तो अगदीच आंधळा नाही. ४० ला तो १० पैकी ९ वेळा येतो आणि १०० ला फक्त ६ वेळा. जेव्हा तो १०० ला येतो तेव्हा त्याच्याकडची पानेही थोडी बरी असतात, म्हणून आपले जिंकण्याचे प्रमाण ६५ वरून ५८ वर उतरते. आता ४० च्या बेटचे सरासरी उत्पन्न १०.८ चिप्स होते आणि १०० च्या बेटचे ९.६. म्हणजे मोठी बेट नेहमीच श्रेष्ठ असे नाही. समोरच्याचे येणे किती कमी होते आणि येताना तो कोणती पाने मागे ठेवून येतो, या दोन गोष्टींवर उत्तर बदलते. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला कोणता व्यापारी कुठवर चढतो हे अडत्याला जसे ठाऊक असते, तसेच प्रत्येक बघ्याचा एक आकडा असतो, आणि तो आकडा शोधून काढणे हे आपले खरे काम आहे.

तो आकडा पॉटच्या टक्केवारीत असतो असे पुस्तकी खेळाडूला वाटते, पण माझा अनुभव वेगळा आहे. घरगुती टेबलावर माणसे चिप्सचा रंग आणि ढीग पाहतात. आमच्याकडे दहाच्या चिप्स लाल आहेत आणि शंभराची काळी. दहा लाल चिप्सची चळत पुढे सरकवली तर बघ्याही क्षणभर थबकतो. एक काळी चिप टाकली तर “एकच हाय की” म्हणून सहज कॉल करतो. रक्कम तीच, पण दिसायला एकच चिप. म्हणून कॉल हवा असेल तेव्हा कमी आणि मोठ्या चिप्स वापराव्यात. मोठ्या चिप्स जपून ठेवण्याची सवय अनेकांना असते; मी मात्र रात्रीच्या सुरुवातीलाच दोन-तीन काळ्या चिप्स सुट्या करून जवळ ठेवतो.

फ्लॉपच्या आधी

ब्लाइंड (पाने बघण्याआधीच दोघांनी सक्तीने भरायच्या चिप्स) ५ आणि १० आहेत आणि प्रत्येकाकडे १,००० चिप्स आहेत असे धरू. सर्वसाधारण शिकवण अशी की चांगली पाने आली तर २५ ते ३० चा रेझ करावा. आमच्या टेबलावर ३० चा रेझ केला की पाच जण येतात, आणि मग ‘एक्क्यांची जोडीसुद्धा टिकत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. म्हणून रेझ मोठा ठेवावा. आपल्या आधी कोणी नुसतेच १० भरून आत आलेले नसेल तर ४० ते ५०, आणि आलेले असतील तर अशा प्रत्येकामागे आणखी १० ते १५ चिप्स वाढवाव्यात. हा रेझही सगळे जण बिनदिक्कत भरत असतील तर पुढच्या खेपेला ६० किंवा ८० करून पाहावे.

रेझ मोठा करण्याचे कारण मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण येथे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. मोठा रेझ गर्दी पांगवण्यासाठी करायचा, असे बहुतेक जण सांगतात. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका यादृच्छिक हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते आणि अशा पाच हातांविरुद्ध सुमारे ४९ टक्के वेळा, हे खरे आहे. परंतु ६० चा रेझ एकाने भरला तर १२० च्या पॉटमधला आपला ८५ टक्के वाटा १०२ चिप्सचा होतो, म्हणजे आपले ६० वजा जाता ४२ चा फायदा. तोच रेझ पाच जणांनी भरला तर ३६० च्या पॉटमधला ४९ टक्के वाटा सुमारे १७६ चा होतो, म्हणजे फायदा ११६ चा. आपण हरतो जास्त वेळा, पण मिळवतोही जास्त. हे कागदावरचे वाटे झाले. फ्लॉपनंतर पाच जणांत आपण मागे पडलो की नाही हे ओळखणे अवघड असते, आणि त्यात या फायद्यातला काही भाग गळून जातो. तरीही रक्कम वाढवण्याचा मुख्य हेतू हाच की वाईट पानांवर येणाऱ्यांनी जास्त भरून यावे. ते दोघे आले काय किंवा चौघे आले काय, त्याची फार चिंता करू नये.

छोटी जोडी आणि एकाच रंगाची लागून येणारी पाने, उदाहरणार्थ इस्पिकची सत्ती-अठ्ठी, यांचा हिशेब उलटा असतो. पंजीची जोडी हातात असताना फ्लॉपवर तिसरी पंजी येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-नऊ वेळांतून एकदा. अशा पानांना स्वस्तात आत जायचे असते आणि सोबत गर्दी हवी असते. म्हणून इतर जण नुसतेच १० भरून आत आले असतील तर आपणही तेवढेच भरावे. पाने चांगली असताना मोठा रेझ आणि अशी असताना काहीच नाही, हे जाणत्या टेबलावर लगेच उघडे पडेल. पण बघ्या स्वतःच्या पानांकडे बघत असतो. टेबलावर एखादा तरी लक्ष देणारा असेल आणि तो आपल्यानंतर बोलणार असेल, तर मात्र रकमांत फार तफावत ठेवू नये.

फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत

हा खेळातला सर्वांत फायद्याचा भाग आहे, कारण येथे रक्कम चक्रवाढ व्याजासारखी वाढते. पॉट १० असताना तीनही फेऱ्यांत निम्म्या पॉटची बेट लावली आणि ती भरली गेली, तर पॉट २०, ४० असा वाढत ८० होतो आणि समोरच्याकडून आपल्याला ३५ मिळतात. तीनदा पूर्ण पॉटइतकी बेट लावली तर पॉट ३०, ९० आणि २७० होतो, आणि मिळतात १३०. प्रत्येक बेट दुप्पट केली, तर मिळकत पावणेचारपटीने वाढली. म्हणून फ्लॉपवरच्या पहिल्या बेटमध्ये दाखवलेला संकोच रिव्हरवर कितीतरी पटीने नडतो. नंतर आठवण झाली म्हणून तो भरून काढता येत नाही.

एक हात जवळून पाहू. बघ्या १० भरून आत आला आहे, मी डीलरच्या जागेवर बदाम एक्का आणि किलवर राणी घेऊन ६० चा रेझ केला, ब्लाइंडवाल्यांनी पाने टाकली आणि बघ्याने कॉल केला. पॉट १३५ आणि आम्हा दोघांकडे प्रत्येकी ९४० उरले. फ्लॉपवर इस्पिक राणी, इस्पिक सत्ती आणि चौकट तिर्री आली. त्याने चेक केले, म्हणजे बेट न लावता पाळी माझ्याकडे दिली. आता निम्म्या-निम्म्याने गेलो तर ६५, मग १३०, मग २६० असे ४५५ मिळतील आणि त्याच्याकडे ४८५ तसेच राहतील. पाऊण पॉटच्या हिशेबाने गेलो तर फ्लॉपवर १००, त्याने पॉट ३३५ होतो; टर्नवर २५०, त्याने पॉट ८३५ होतो; आणि रिव्हरवर उरतात ५९०, म्हणजे पॉटच्या सुमारे ७० टक्के. पाऊण पॉटच्या मापाने तिन्ही बेट सारख्याच बेताच्या राहतात आणि शेवटी त्याची सगळी चळत मध्यभागी येते. म्हणून फ्लॉपवर पहिली बेट लावण्यापूर्वीच दोघांपैकी कमी चिप्स कोणाकडे आहेत ते पाहावे आणि त्या तीन हप्त्यांत कशा येतील, याचा मनात हिशेब करावा. एक्का-राणीसारख्या एका जोडीच्या हाताने सारीच्या सारी चळत पणाला लावणे चांगल्या खेळाडूविरुद्ध मी करणार नाही. बघ्या राणी-नव्वी, सत्ती-अठ्ठी, एवढेच काय, हातातल्या छक्कीच्या जोडीवरही शेवटपर्यंत येतो, म्हणून त्याच्याविरुद्ध करतो.

समजा त्याच्याकडे इस्पिकची दोन पाने आहेत आणि त्याला कलर (एकाच रंगाची पाच पाने) पुरा करायचा आहे. टर्नवर किलवर पंजी आली. न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ इस्पिकची, म्हणजे रिव्हरवर त्याचा कलर लागण्याची शक्यता १९.६ टक्के. माझ्या २५० च्या बेटला त्याला ३० टक्के शक्यता हवी होती, तेव्हा त्याचा कॉल चुकीचा आहे आणि मी योग्य किंमत लावली आहे. पण येथेच अनेक जण कमावलेले घालवतात. कलर लागल्यावर त्याला रिव्हरवर माझ्याकडून आणखी ४४३ किंवा त्याहून जास्त चिप्स दर वेळी मिळणार असतील, तर टर्नवरचा त्याचा तोच कॉल फायद्याचा ठरतो. म्हणजे रिव्हरवर तिसरे इस्पिक आले, आणि संध्याकाळभर एकदाही स्वतःहून बेट न लावलेल्या माणसाने एकाएकी सगळ्या चिप्स पुढे सारल्या, तर माझी राण्यांची जोडी कितीही देखणी असली तरी मला ती टाकता आली पाहिजे. मोठी बेट लावायला शिकणे आणि अशा वेळी पाने टाकायला शिकणे हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत. पहिला भाग शिकून दुसरा न शिकलेला माणूस बघ्याला त्याच्या सर्व चुका माफ करून टाकतो. बघ्याने टर्नवर रेझ केला तर त्याच्याकडे बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा त्याहून मोठे काही असते. या बाबतीत मी दयामाया बाळगत नाही आणि संशयही घेत नाही.

आपल्याकडेच सर्वांत मोठा हात लागला असेल, उदाहरणार्थ एक्क्याचा कलर, तर पॉटपेक्षा मोठी बेट लावायला कचरू नये. पॉट ३३५ असताना रिव्हरवर ५०० लावले, आणि समोर वरची जोडी घेऊन बघ्या बसला असेल, तर त्याच्या कुतूहलाला ३३५ आणि ५०० यांत फारसा भेद दिसत नाही. अशा वेळी ‘गिऱ्हाईक पळून जाईल’ या भीतीने १०० लावणारे मी रोज पाहतो. तीन एक्के लागल्यावर साळसूदपणे चेक करून सापळा लावणेही त्याच जातीची चूक आहे. जो स्वतःहून बेट लावतच नाही, त्याच्यासाठी सापळा लावून एक अख्खी फेरी फुकट जाते.

मधल्या ताकदीच्या हातांना मात्र वेगळे माप लागते. वरच्या जोडीसोबत लहान पान असेल, किंवा मधली जोडी असेल, तर तीन मोठ्या बेट लावल्यावर शेवटी कॉल करणारी पाने आपल्यापेक्षा वरचढ निघू लागतात. येथे दोन फेऱ्या पुरतात: फ्लॉपवर दोन तृतीयांश, टर्नला चेक, आणि रिव्हरवर पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी लहान बेट. चांगला खेळाडू अशा ठिकाणी चेक करून पाने उघडतो, कारण त्याच्यासारख्याच खेळाडूकडून त्याहून कमी पानांचा कॉल मिळत नाही. बघ्याकडून मिळतो, तळाची जोडी आणि कधीकधी नुसता एक्का घेऊनसुद्धा तो येतो. रात्रीअखेर चळत वाढलेली दिसते ती मोठ्या हातांपेक्षा या लहान लहान बेटमधून अधिक वाढलेली असते, असे माझ्या वहीवरून मला वाटते.

फ्लॉपवर चौघे-पाच जण असतील तर एकाच रंगाची दोन पाने किंवा लागून आलेली पाने पाहून बेट पाऊण पॉटच्या खाली आणू नये, कारण अपुऱ्या कलरवर आणि सिक्वेन्सवर (लागोपाठची पाच पाने) एकाहून अधिक जण बसलेले असतात आणि प्रत्येकाकडून किंमत वसूल करायची असते. दोन्ही बाजूंनी उघडा सिक्वेन्स असणाऱ्याला टर्ननंतर १७ टक्के शक्यता असते, आणि मधलेच एक पान हवे असणाऱ्याला ९ टक्क्यांहून कमी. हा दुसरा प्रकार बघ्याचा विशेष लाडका आहे.

ब्लफ

पॉट १०० असताना ५० चा ब्लफ (हातात काही नसताना समोरच्याने पाने टाकावीत म्हणून लावलेली बेट) लावला तर तो निदान तीनांतून एकदा यशस्वी व्हायला हवा. बघ्या दहांतून दोनदाच पाने टाकत असेल तर अशा प्रत्येक ब्लफमागे सरासरी २० चिप्स जातात, आणि रक्कम वाढवली तर तोटाही वाढतो. माझ्या पहिल्या काही महिन्यांत मी एका रात्री तीन फेऱ्यांचा मोठा देखणा ब्लफ रचला, प्रत्येक बेट पानांना साजेशी, एक्का पडल्यावर तर अगदी पटण्याजोगी, आणि समोरच्याने भडंगाच्या तेलकट बोटांनी चव्वीची जोडी उलटवून विचारले, “जिंकलो की काय?” एक्का पडला आहे हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. जो गोष्ट ऐकत नाही त्याला ती सांगण्यात अर्थ नसतो.

अपवाद अर्ध्या बघ्याचा. ज्याच्या हातात जोडी नाही अशा कोणाच्याही पानांना फ्लॉपवर जोडी न लागण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश असते, आणि अर्धा बघ्या अशा वेळी प्रामाणिकपणे पाने टाकतो. तो एकटाच समोर असेल तर १३५ च्या पॉटवर ४५ ची बेट लावावी; ती चारांतून एकदा चालली तरी तोटा नाही, आणि प्रत्यक्षात ती त्याहून कितीतरी जास्त वेळा चालते. येथे मोठी बेट लावून काही मिळत नाही, कारण लागले नाही तर तो ४५ लाही जातो आणि लागले तर ९० लाही येतो. त्याने कॉल केला, की आपल्याकडे काही नसताना दुसरी बेट लावू नये.

आक्रमक सैल खेळाडू आणि चळतींचा आकार

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगतो. जो स्वतःच मोठमोठ्या बेट लावतो, त्याच्यासमोर आपण मोठी बेट लावली तर तो त्याची कमकुवत पाने टाकतो आणि आपले नुकसान होते. त्याच्याविरुद्ध चांगल्या पानांवर चेक करून त्याला लावू द्यावे आणि कॉल करावा, किंवा पॉटच्या चौथ्या हिश्श्याची लहान बेट लावावी, म्हणजे ती अशक्तपणाची खूण समजून तो रेझ करतो. त्याच्या डाव्या हाताला जागा मिळाली तर रात्र सुखाची जाते.

पूर्वीचे सर्व आकडे १,००० चिप्स धरून होते. बघ्याकडे २०० च उरले असतील तर तीन हप्ते करण्याची गरज नसते. १३५ च्या पॉटवर ६५ लावले की पॉट २६५ होतो आणि त्याच्याकडे १३५ राहतात, ते टर्नवर निम्म्या पॉटइतक्या बेटने येतात. याउलट दोघांकडे २,००० असतील तर पाऊण पॉटने सगळे आत येत नाहीत. तेथे टर्न किंवा रिव्हरवर पॉटहून मोठी बेट लावावी लागते, आणि त्यासाठी हातही दोन जोड्यांहून मोठा असावा.

बघ्या कायम तसाच राहत नाही हेही लक्षात ठेवावे. दोन-तीनदा सगळी चळत गेली आणि सलग दोन शनिवार चहा करावा लागला, की तो काही काळ सावध होतो. त्याला “असल्या पानांवर कॉल कसा केलास, भावा?” असे विचारणारा सोबती टेबलावर असेल तर तो आणखी लवकर सावध होतो, म्हणून असे विचारणाऱ्याला मी हळूच दुसऱ्या विषयाकडे वळवतो. गेल्या महिन्यात माझ्या वहीत एकाच्या नावापुढे ‘रिव्हरवर ६०० पर्यंत येतो’ असे लिहिलेले होते. त्या रात्री तो ५५० ला दोनदा पाने टाकून गेला. चहाच्या वेळी मी ६०० खोडून ३०० केले आणि शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर दोन जोड्या लागल्यावर दोन काळ्या आणि आठ लाल चिप्स पुढे सरकवल्या. त्याने दोनदा माझ्याकडे, एकदा चिप्सकडे पाहिले आणि म्हणाला, “बघूया तरी.”